जंगलातला बंगला लग्नकार्याला देऊ नका : वनमंत्री आणि वनविभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव), नागपूर

साहेब, नमस्कार.

थेट मुद्द्याचं बोलते. राष्ट्रीय उद्यानाच्या आत सरकारच्या ज्या इमारती आहेत, म्हणजे विश्रामगृहं, निसर्ग माहिती केंद्रं, त्यांचे हॉल, समोरचं आवार, त्या साखरपुड्याला, वाढदिवसाला, कंपनीच्या पार्टीला, प्री-वेडिंगला देणं बंद करा. तोंडी नको, लेखी परिपत्रक काढून बंद करा. पत्र तुम्हाला आहे पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय, कारण मी आधी अर्ज दिला होता, त्याची पोच मिळाली आणि पुढे काहीच झालं नाही.

पुढे सांगतेय तो प्रकार कुठल्या उद्यानात घडला, कुठला बंगला, कोण अधिकारी, ते मी लिहिणार नाही. एखाद्या आरएफओची, म्हणजे वनक्षेत्रपालाची, बदली व्हावी म्हणून हा खटाटोप नाहीये. बदली झाली की सगळ्यांना वाटतं विषय मिटला आणि पुढच्या सीझनला तेच परत सुरू होतं.

मी कोण ते सांगते. माझे बाबा वनमजूर होते. आधी रोजंदारीवर, मग बऱ्याच वर्षांनी कायम झाले आणि शेवटी शेवटी विदर्भातल्या एका फॉरेस्टच्या बंगल्यावर चौकीदार होते. बंगल्यामागच्या क्वार्टरमध्ये आम्ही भावंडं वाढलो. तिथे राहायचे काही नियम होते जे कोणी भिंतीवर लिहिलेले नव्हते पण लहान पोरांनाही पाठ होते. रेडिओ मोठ्याने लावायचा नाही, खरकटं उघड्यावर टाकायचं नाही, अंधार पडला की अंगणात खेळायचं नाही, व्हरांड्यातला दिवा गरज संपली की बंद. बंगल्यात एक जाड रजिस्टर असायचं, त्यात नाव, हुद्दा, आगमन, प्रस्थान आणि शेवटचा रकाना "भेटीचे प्रयोजन". बाबांचं अक्षर बरं म्हणून बऱ्याच नोंदी तेच करायचे आणि त्या रकान्यात काय असायचं, तर गस्त, वणवा पाहणी, प्राण्यांची प्रगणना, कधी एखादा संशोधक आला तर त्याचा विषय. मोठमोठे साहेब यायचे, मुलाबाळांसकट पण यायचे, तेही शांतपणे राहून जायचे.

आता मी शाळेत शिकवते आणि सुट्ट्यांमध्ये जंगलाकाठच्या गावांतल्या पोरांची निसर्ग शिबिरं घेते. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका शिबिरासाठी एक हॉल मागितला तर "बुक आहे" असं उत्तर आलं. ठीक आहे म्हटलं, आधी ज्याने मागितला त्याचा हक्क. नंतर कळलं की तिथे साखरपुडा होता. मंडप, केटरर, साउंड, सगळं. मी विचारायला गेले तेव्हा मला जे ऐकवलं गेलं ते जसंच्या तसं सांगते कारण या पत्रातलं सगळं त्याच उत्तराबद्दल आहे: मॅडम, हॉल एरवी रिकामाच पडून असतो, चार पैसे येतात, आणि कार्यक्रम इमारतीच्या आत होतो, जंगलाला त्याचा काय त्रास?

साहेब, इमारतीच्या आत झालेला कार्यक्रम इमारतीच्या आत राहतच नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये, राहून पाहिलंय.

आवाजापासून सुरुवात करते. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाणात बसायचा उपक्रम विभाग स्वतः घेतो, मी त्यात जाते. मागे एका वर्षी आम्ही बसलो होतो तो पाणवठा बंगल्यापासून बराच आत, मधे एक टेकाड. दिवसभर उन्हाने नुसती लाही लाही झालेली, त्या भागात पाणी म्हणून तेवढंच. अंधार पडला, चंद्र वर आला आणि बंगल्याकडून बेस यायला लागला. गाणं कुठलं ते कळत नव्हतं, शब्द ऐकू येत नव्हते, फक्त धप धप धप, कारण खालच्या पट्टीतला आवाज लांबपर्यंत जातो. एक सांबर मादी पिल्लाला घेऊन पाण्याच्या अलीकडे येऊन थांबली. तोंड पाण्याकडे आणि दोन्ही कान बंगल्याच्या दिशेला फिरलेले. पुढचा एक पाय उचललेला तसाच धरून ती उभी, खूप वेळ. मग तो पाय जमिनीवर आपटला, धोक्याचा कॉल दिला आणि पिल्लाला घेऊन मागे वळली. आम्ही सकाळी उतरेपर्यंत ती परत आली नाही. माझ्यासोबत एक गाईड पोरगा होता, तो एवढंच बोलला की ताई, आज प्यायला येणार होती ती. मे महिन्यात विदर्भात एका रात्रीचं पाणी चुकणं म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, पण सभागृह, बँक्वेट हॉल अशा बंदिस्त जागांना त्यात सूट आहे. मला हीच सूट दाखवण्यात आली. ती सूट शहरातल्या चारी बाजूंनी बंद हॉलसाठी आहे हो. आपले बंगले कवेलूचे, उंच छपराचे, तिन्ही बाजूंनी उघडे व्हरांडे असलेले, ते बांधलेच आहेत वारा खेळता राहावा म्हणून. आणि रात्री १० ची वेळ माणसांच्या झोपेवरून ठरलीय. जंगलात बरेच जण बाहेर पडतात तेच मुळात दिवस मावळल्यावर.

दुसरं, सीझन. याचा विचार कोणीच केलेला दिसत नाही म्हणून जरा विस्ताराने लिहिते. आपल्याकडे वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. त्याआधी फायर लाईन, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून आखलेले पट्टे, जाळून घेतात, हंगामी फायर वॉचर घेतात, अख्खा स्टाफ त्या चार महिन्यांत धुराकडे डोळे लावून असतो. आणि लग्नसराई कधी असते? एप्रिल-मे. नेमका पाला वाळून कडकडीत झालेला, सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडणारी, त्याच दिवसांत तुम्ही बंगल्याच्या आवारात जनरेटर, हॅलोजन, केटररच्या भट्ट्या आणि सिगरेट ओढायला मंडपाच्या मागे जाणारे पाहुणे आणताय. नवरा-नवरीच्या एन्ट्रीला ते ठिणग्यांचं कारंजं उडवणारं कोल्ड पायरो का काय म्हणतात ते पण लावलेले होते, त्याच्या रिकाम्या नळ्या मी स्वतः उचलल्यात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ३० आग लावण्याबद्दल आहे, कलम ३२ स्फोटक आणि घातक पदार्थांबद्दल. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळला तर गावच्या माणसावर गुन्हा दाखल होतो, आणि व्हायला पण हवा कारण बरेच वणवे त्यातून लागतात. मग तोच कायदा बंगल्याच्या गेटपाशी का थांबतो?

पाण्याचंही तेच. उन्हाळ्यात पाणवठ्यांवर टँकरने पाणी टाकावं लागतं, कुठे सोलर पंप आहेत त्यांचीही धार बारीक होते. दोन-तीनशे माणसांचं जेवण, हात धुणं, संडास, याला किती पाणी लागतं? ते आणतात कुठून, तर तिथल्याच विहिरीतून.

स्टाफबद्दल लिहिताना मला त्रास होतो कारण ही आमच्या घरातली माणसं आहेत. वनरक्षकाला बीट, म्हणजे गस्तीचा ठरलेला पट्टा, असतो, व्याघ्र प्रकल्पात तर तो किती चालला ते एम-स्ट्राइप्स या गस्त नोंदवणाऱ्या ॲपवर दिसतं. कार्यक्रमाच्या दिवशी हीच पोरं शिट्टी आणि टॉर्च घेऊन गाड्या लावून देतात, वनमजूर खुर्च्या उचलतात, चौकीदार रात्री दोनपर्यंत जागा. कोणी नाही म्हणू शकत नाही कारण पाहुणे बहुतेकदा कोणाच्या तरी ओळखीचे असतात. त्या रात्री बीटवर कोण असतं ते मी इथे उघड लिहिणार नाही, ते वाचायला नको त्या माणसांकडून पण वाचलं जाईल. तुम्हाला माहीत आहेच.

खरकटं. कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी आम्ही शिबिरातली पोरं घेऊन साफसफाईला गेलो. पत्रावळ्या, कागदी कप हे तर होतंच, पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो चमकीत. पार्टी पॉपरमधून उडते ती, नखाएवढे चंदेरी तुकडे, गवतात अडकलेले, मुरमात रुतलेले, नाल्याच्या तोंडापर्यंत उडून गेलेले. पोरं उकिडवी बसून एकेक वेचत होती आणि तरी निम्मी तिथेच राहिली, पहिल्या पावसात नाल्यात गेली असेल. उरलेल्या अन्नाचा खड्डा नीट बुजवलेला नव्हता, रानडुकरांनी उकरला आणि मग गावातली कुत्री यायला लागली. कुत्री आली की मागोमाग बिबट्या येतो हे आता शाळेतली पोरं पण सांगतात. आणि कुत्री एकटी येत नाहीत, रोग घेऊन येतात. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह मेले तेव्हा कॅनाइन डिस्टेम्परचा विषाणू सापडला होता, हा मुळात कुत्र्यांमध्ये नेहमी आढळणारा रोग. आपल्या वाघांच्या दाराशी आपणच कुत्र्यांची पंगत बसवायची का?

आता कायदा. मी वकील नाही, पण वाचता येतं. राष्ट्रीय उद्यानात कोणाला कशासाठी जाता येतं हे वन्यजीव अधिनियमाच्या कलम २८ मध्ये लिहिलंय आणि कलम ३५ ने ते राष्ट्रीय उद्यानांना लागू केलंय. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर व्यवहार. संपली यादी. २०२२ च्या दुरुस्तीत छायाचित्रणालाही अट घातली की अधिवासात बदल होता कामा नये आणि वन्यजीवांवर वाईट परिणाम होता कामा नये, म्हणजे प्री-वेडिंगवाल्यांचे स्मोक बॉम्ब आणि रिफ्लेक्टर यांचा प्रश्नच मिटला. साखरपुडा यातल्या कशात बसतो? "पर्यटन" म्हणून पावती फाडली असेल तर ती पावती चुकीची आहे, कारण त्या दोनशे-तीनशे लोकांपैकी जंगल बघायला कोणीच आलं नव्हतं.

आणखी एक. आत व्यावसायिक लॉज किंवा हॉटेल बांधायचं तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची आधी मंजुरी लागते, आणि २०२२ पासून त्यात सरकारी लॉजसुद्धा स्पष्ट शब्दांत आलेत. म्हणजे नवीन बांधायला दिल्लीपर्यंत जावं लागतं. आणि जुनी इमारत, जी गस्तीसाठी आणि पाहणीसाठी बांधली होती, तिचं मंगल कार्यालय करायला रेंज ऑफिसातला एक फोन पुरतो. हे कसं?

उत्पन्नाचं म्हणाल तर व्याघ्र प्रकल्पांमध्ये गेटचे पैसे प्रतिष्ठानकडे, म्हणजे त्या प्रकल्पाच्याच ट्रस्टकडे, जमा होतात आणि तिथेच खर्च करता येतात, ही व्यवस्था चांगली आहे. एका हॉलच्या भाड्याने त्यात किती भर पडणार? आणि ज्या उद्यानांकडे खरंच पैसा नाही त्यांच्यासाठी सरकारकडे निधी मागा, आम्ही तुमच्यासोबत उभे राहू, सह्यांची मोहीम काढू, आमदारांच्या दारात जाऊ.

एक गैरसमज नको म्हणून लिहिते. जंगलाच्या आत जी गावं अजून आहेत त्यांच्या घरची लग्नं त्यांच्या अंगणातच होणार, त्यांचा तो हक्क आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. उलट मला त्यांचंच दुखतं. वाघासाठी म्हणून गावंच्या गावं उठली, लोकांनी घरं सोडली, गुरं विकली. ताडोबा तलावाच्या काठी तारूचं ठाणं आहे, ज्याच्या नावावरून ताडोबा म्हणतात तो गोंडांचा देव. तिथे पाया पडायला जायचं तर आज परवानगी लागते, कारण ते कोअर, म्हणजे प्रकल्पाचा सगळ्यात संरक्षित गाभा, आहे. लोकांनी हे निमूटपणे मान्य केलं कारण त्यांना सांगितलं की जंगलाला शांतता हवी. त्याच लोकांच्या नाकासमोरून उद्या राष्ट्रीय उद्यानात डेकोरेशनचे टेम्पो आत गेले तर त्यांनी काय समजायचं? मला एका म्हाताऱ्या बाईने हे विचारलंय आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या वेळी वनविभागाचा माणूस त्या गावात सभा घ्यायला जाईल तेव्हा त्याच्याकडे पण नसेल.

काही जण म्हणतील एवढ्या एका साखरपुड्याचं काय घेऊन बसलात. एकाचं नाहीये. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या जिप्स्यांनी रस्त्यावर अडवले, व्हिडिओ सगळ्या राज्याने पाहिला, नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ते तर रीतसर बुकिंग केलेले पर्यटक होते, गाईड सोबत होते, नियम होते. तरी असं झालं. मग जे जंगलासाठी आलेलेच नाहीत, रात्री गाड्या घेऊन आत-बाहेर करतायत, त्यातले काही प्यायलेले, त्यांना कोण आवरणार? आणि मुंबईकडचा विचार करा. बोरिवलीचं संजय गांधी उद्यान जेमतेम शंभर चौरस किलोमीटरच्या वर, सगळीकडून शहराने वेढलेलं, आत बिबटे. आज विदर्भातल्या आडबाजूच्या बंगल्यात चालतं म्हटलं तर उद्या तिथे हॉलसाठी रांग लागेल आणि तेव्हा नाही म्हणायला तुमच्याकडे कागद नसेल.

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये राज्यातले २५ किल्ले हॉटेलसाठी भाड्याने देणार अशी बातमी आली तेव्हा महाराष्ट्र किती पेटला होता आठवा. सरकारला खुलासा करावा लागला. किल्ल्याच्या बाबतीत आपल्याला लगेच कळतं की इथे काय चालतं आणि काय चालत नाही. राज्यात राष्ट्रीय उद्यानं सहाच आहेत: ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली. सगळी मिळून राज्याच्या नकाशावर केवढीशी जागा. बाकी सगळीकडे मंगल कार्यालयं आहेत, लॉन आहेत, रिसॉर्ट आहेत.

माझ्या मागण्या:

१. राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पाच्या कोअरमधली कुठलीही सरकारी इमारत, हॉल किंवा आवार कुठल्याही खासगी समारंभाला द्यायचं नाही, असं परिपत्रक काढा. त्यात मंत्री, आमदार, अधिकारी आणि त्यांच्या घरची कार्यं यांना सूट ठेवू नका. खरं तर तिथूनच सुरुवात करा.

२. पुढची जी बुकिंग घेऊन ठेवली असतील ती रद्द करा आणि लोकांना पूर्ण पैसे परत द्या. त्यांची चूक नाही, त्यांना हॉल मिळतो असं सांगितलं गेलं होतं.

३. प्रत्येक विश्रामगृहाचं रजिस्टर दर महिन्याला वेबसाईटवर टाका. नावं नकोत, तारीख, माणसं किती आणि भेटीचं प्रयोजन एवढंच पुरे.

४. मागच्या तीन वर्षांत कुठे कुठे असे कार्यक्रम झाले, परवानगी कोणी दिली, पैसे कुठल्या खात्यात गेले, हे जाहीर करा.

५. वनरक्षक, वनमजूर, चौकीदार यांना खासगी कार्यक्रमाच्या कामाला लावायचं नाही, आणि कोणी लावलं तर त्यांना न घाबरता तक्रार करता येईल अशी सोय करा.

६. रिकामे हॉल शाळांना, संशोधकांना, फायर वॉचरना आणि गाईडच्या प्रशिक्षणाला द्या. भाडं कमी ठेवा. ते रिकामे राहणार नाहीत, मी लिहून देते, आमच्या एका तालुक्यातल्या शाळाच पुरून उरतील.

७. गेटबाहेरच्या गावांमध्ये ग्राम परिविकास समित्यांना सभागृह बांधून द्या. ज्यांना जंगलाजवळ कार्य करायची हौस आहे त्यांनी तिथे करावं, भाडं गावाला मिळेल, स्वयंपाकाचं काम तिथल्या बायकांना मिळेल. आवाजाची आणि दिव्यांची मर्यादा तिथेही ठेवाच, बफर, म्हणजे कोअरभोवतीचा पट्टा, झाला म्हणून जंगल संपत नाही.

परिपत्रक १५ फेब्रुवारीच्या आत निघावं, वणव्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधी. तोवर उत्तर आलं नाही तर चौथ्या मागणीसाठी मी माहिती अधिकारात प्रत्येक उद्यानाकडे वेगळा अर्ज करणार आहे, मसुदा तयार आहे, ज्यांना आपापल्या भागात करायचा असेल त्यांना देईन. आणि तुमच्याकडून उत्तर आलं, ते माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध असलं तरी, एक शब्द न गाळता इथेच टाकेन.

आपली,
एका निवृत्त वनमजुराची मुलगी